स्क्रीमाडेलिका: बँडचा अल्बम की मिक्सिंग डेस्कचा?

खर्जातला (धागाकर्ता)

प्रायमल स्क्रीम या ब्रिटिश रॉक बँडचा 'स्क्रीमाडेलिका' हा अल्बम क्रिएशन रेकॉर्ड्सने २३ सप्टेंबर १९९१ ला काढला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचं मर्क्युरी पारितोषिक सुरू झालं आणि पहिला मान या अल्बमला मिळाला. यू-टूचा 'आख्टुंग बेबी' त्याच यादीत होता, हे विसरू नका. सायकेडेलिक रॉक आणि डान्स म्युझिक यांची गाठ मारणारा अल्बम म्हटलं की आजही पहिलं नाव याचंच निघतं. तिथपर्यंत वाद नाही. वाद श्रेयाचा आहे.

माझं म्हणणं: हा अल्बम मिक्सिंग डेस्कवर बसलेला डीजे अँड्र्यू वेदरॉल आणि त्याचा साथीदार ह्यूगो निकोल्सन यांचा. बँडने कच्चा माल पुरवला.

मोजून दाखवतो. एकूण ११ ट्रॅक, ६४ मिनिटं ४८ सेकंद. त्यातले सात वेदरॉलच्या हातचे: 'डोन्ट फाइट इट, फील इट', 'इनर फ्लाइट', 'कम टुगेदर', 'लोडेड', 'आय'म कमिन डाउन', 'हायर दॅन द सन'ची डब आवृत्ती (गायकाचा आवाज कापून ड्रम, बेस आणि प्रतिध्वनी पुढे आणणारी) आणि 'शाइन लाइक स्टार्स'. बेरीज ४६ मिनिटं ३४ सेकंद, म्हणजे सुमारे ७२ टक्के. उरलेल्या चारांत 'मूव्हिन ऑन अप' आणि 'डॅमेज्ड' प्रोड्यूसर जिमी मिलरकडे, मूळ 'हायर दॅन द सन' द ऑर्ब या इलेक्ट्रॉनिक गटाकडे आणि 'स्लिप इनसाइड धिस हाऊस' हिप्नोटोन या दुसऱ्या तशाच गटाकडे. तिथेही कुणीतरी बाहेरचा आहेच.

आता 'लोडेड' कसं झालं ते बघा. १९८९ च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमवर 'आय'म लूझिंग मोअर दॅन आय'ल एव्हर हॅव' नावाचं संथ, दुखरं गाणं होतं. ते वेदरॉलच्या हाती रिमिक्ससाठी दिलं. त्याने गाण्याचं गाणंपण काढून टाकलं. मुखडा गेला, कडवी गेली, गायक बॉबी गिलेस्पीचा आवाज जवळपास सगळा गेला. शेवटच्या भागातले ब्रास, पियानो आणि गिटार एवढं ठेवलं. खाली ईडी ब्रिकेलच्या 'व्हॉट आय अ‍ॅम'च्या एका इटालियन चोरट्या मिक्सवरून उचललेला ड्रमचा लूप (सतत फिरत राहणारा तुकडा) टाकला, द इमोशन्सच्या १९७६ च्या गाण्यातला आवाजाचा तुकडा टाकला आणि सुरुवातीला १९६६ च्या 'द वाइल्ड एंजल्स' चित्रपटातला पीटर फोंडाचा संवाद चिकटवला. गिलेस्पीच्या वाट्याला काय उरलं? रॉबर्ट जॉन्सनच्या एका जुन्या ब्लूजमधली एक ओळ.

फेब्रुवारी १९९० मध्ये ते सिंगल म्हणून आलं आणि ब्रिटनच्या यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याआधीच्या दोन अल्बमांना असं यश कधी लाभलं नव्हतं. बँड तोच होता. बदलला तो डेस्कवर बसलेला माणूस.

---

तबकडीप्रेमी

साफ असहमत. मिनिटांची बेरीज करून कर्ता ठरत असेल तर प्रत्येक चित्रपट संकलकाच्या नावावर लावावा लागेल.

१. 'लोडेड'ची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. वेदरॉलचं पहिलं मिक्स फार सोवळं होतं. मूळ गाण्याला धक्का लागू नये अशा बेताने केलेलं. ते ऐकून बँडचा गिटारवादक अँड्र्यू इनिस याने त्याला शिवी हासडून सांगितलं की मोडून टाक ते. म्हणजे 'मोडा' हा निर्णय कुणाचा? आपलं गाणं फोडायला देणारे आणि वर 'अजून फोड' म्हणणारे वादक त्या काळात किती होते? वेदरॉल तेव्हा नवखा होता. डीजे म्हणून नाव होतं, 'बॉइज ओन' या फॅनझिनमध्ये (चाहत्यांनी काढलेल्या छोट्या मासिकात) लिहायचा, पॉल ओकनफोल्डच्या जोडीने हॅपी मंडेजच्या 'हॅलेलुया'चं क्लब मिक्स केलं होतं. स्टुडिओतला मुरलेला प्रोड्यूसर नव्हता. अशा माणसाकडे टेप सोपवणं हीच निवड.

२. 'स्लिप इनसाइड धिस हाऊस' मूळचं टेक्ससमधल्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्सचं, १९६७ चं, आठ मिनिटांचं. प्रायमल स्क्रीमने ते आधी एलिव्हेटर्सचा गायक रॉकी एरिक्सन याच्या १९९० च्या गौरव अल्बमसाठी केलं होतं. सायकेडेलिक रॉकचा हा धागा बँडने आणला, कुठल्या डीजेने नाही. शिवाय त्या ट्रॅकच्या निर्मितीत हिप्नोटोनबरोबर इनिसही आहे. तुमच्या हिशेबात तो गायब.

३. जिमी मिलर. 'बेगर्स बँक्वेट'पासून 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'पर्यंत रोलिंग स्टोन्सचे अल्बम ज्याने केले त्याला १९९१ मध्ये शोधून आणायचं आणि त्याच तबकडीवर ऑर्बलाही बसवायचं, ही अक्कल कुणाची? सात ट्रॅक वेदरॉलचे असतील, पण त्या सातांच्या शेजारी उरलेले चार ठेवणारा माणूस वेदरॉल नाही.

---

अर्धमात्रा

दोघांच्याही मध्ये न पडता एक तांत्रिक भर. 'कच्चा माल' म्हणजे नक्की काय असतं आणि त्याचं काय करावं लागतं, हे कळल्याशिवाय श्रेयाचं बोलणं हवेत राहतं.

'लोडेड'ची लय मिनिटाला साधारण ९८ ठोक्यांची. एक ठोका ०.६१ सेकंदाचा, चार ठोक्यांचं आवर्तन २.४५ सेकंदाचं. बँडने क्लिकशिवाय (कानात लय धरून देणाऱ्या ठोक्याविना) वाजवलेल्या टेपची लय जागोजाग किंचित पुढे-मागे सरकते. माणसाच्या कानाला ते खटकत नाही, उलट बरं वाटतं. पण खाली न ढळणारा लूप लावला की दोन मिनिटांत दोघांची फारकत होते. ड्रमचे दोन ठोके एकावर एक पडायच्या ऐवजी 'टक-टक' असे वेगळे ऐकू येतात. म्हणून अख्खी टेप लूपवर सोडता येत नाही. टेपमधली एक-दोन आवर्तनं कापायची, सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) भरायची आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर ती नव्याने सोडायची. अशाने फरक साठत नाही.

त्या काळी स्टुडिओत सर्रास असायचा तो अकाई एस-१००० सॅम्पलर. मूळ स्मृती २ मेगाबाइट. १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झला स्टिरिओ साठवलं तर जेमतेम १२ सेकंद, मोनो साठवलं तर २४. म्हणजे ९८ च्या लयीत स्टिरिओची पुरती पाच आवर्तनंसुद्धा मावत नाहीत. काय ठेवायचं आणि काय फेकायचं हा निर्णय यंत्रच लादतं.

दुसरी अडचण पट्टीची. तेव्हाच्या साध्या पद्धतीत लूपचा वेग वाढवला की स्वरही चढायचा. ९२ चा लूप ९८ वर आणायचा तर वेग साडेसहा टक्के वाढतो आणि पट्टी एका अर्ध्या स्वराने वर जाते. पांढरी एकमधलं वाद्य थेट काळी एकमध्ये. नुसत्या ड्रमला ते चालतं, कातडं थोडं जास्त ताणलेलं वाटतं एवढंच. पण त्याच लूपमध्ये बेसचा सूर मिसळलेला असेल तर वरच्या पियानोशी तो भांडतो. मग एकतर बेस फिल्टरने कापायचा, नाहीतर वरचे तुकडेही त्याच प्रमाणात सरकवायचे. स्वर न चढवता वेग बदलायची, म्हणजे टाइम-स्ट्रेचची, सोय एस-१००० वर पुढे आली, पण ताणलेल्या आवाजाला घरघर सुटायची. कुणी आज घरी संगणकावर हे करून बघणार असेल तर एक सूचना: सॉफ्टवेअरला लय आपोआप ओळखू देऊ नका. ९८ चे तो हमखास १९६ किंवा ४९ करतो. पहिला ठोका हाताने खूण करून दाखवा.

हे सगळं करणं 'वाजवणं' आहे का? माझ्या मते आहे. पण जी दोन आवर्तनं कापली ती कुणीतरी आधी वाजवलेली असतात, हेही खरंच.

---

ढोलताशा

मुळात हे डान्स म्युझिक आहे का, यावरच माझा आक्षेप. तेव्हाचं हाऊस (क्लबातलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) १२० ते १२५ ठोक्यांचं. ९८ वर कोण नाचतो? हे फार तर डान्सची भूल पाडणारं रॉक झालं.

---

अर्धमात्रा

@ढोलताशा, लंडनच्या 'शूम'सारख्या क्लबात १९८७-८८ पासून जे वाजत होतं त्यात संथ चालीचंही पुष्कळ होतं. इबिसाच्या धर्तीवर डीजे एका रात्रीत रॉक, सोल, हाऊस, काहीही लावायचे. त्यालाच बॅलेअरिक म्हणत. वेदरॉल तिथलाच.

व्यवहारातली अडचण मात्र तुम्ही म्हणता ती खरी. टेक्निक्स १२०० टर्नटेबलवर वेग आठ टक्केच वर-खाली होतो. म्हणजे ९८ चं गाणं ९० ते १०६ च्या दरम्यान फिरवता येतं. १२० च्या हाऊसशी जुळवायला २२ टक्के वाढवावं लागेल, ते शक्य नाही. मग डीजे काय करतो? जुळवतच नाही. आधीचं गाणं संपू देतो आणि पीटर फोंडाचा संवाद सोडतो. त्या संवादाखाली ठोकाच नाही, त्यामुळे लय बदलल्याचा धक्का बसत नाही. तो संवाद शोभेला नाही, बिजागरीसारखा बसवलेला आहे. डान्स फ्लोअर ओळखणाऱ्या माणसाचं काम.

अवांतर: हाच संवाद मडहनी या रॉक बँडने १९८८ मध्ये 'इन एन आउट ऑफ ग्रेस'च्या सुरुवातीला वापरला होता. तोच तुकडा सिअ‍ॅटलमध्ये ग्रंजचा झाला आणि लंडनमध्ये डान्सचा.

---

विंगेतून

श्रेयाची भांडणं चाललीच आहेत तर आवाजाचंही बघू. गिलेस्पी मुख्य गायक म्हणून ११ पैकी सहा ट्रॅकवर आहे. 'डोन्ट फाइट इट, फील इट' संपूर्ण डेनिस जॉन्सनच्या गळ्यावर उभं आहे. 'स्लिप इनसाइड...' रॉबर्ट यंगने गायलंय. 'इनर फ्लाइट'ला शब्दच नाहीत. 'कम टुगेदर'ची गंमत अशी की सिंगल म्हणून गाजलेलं टेरी फार्लीचं मिक्स गिलेस्पीच्या आवाजातलं, आणि अल्बमवर वेदरॉलचं १० मिनिटं २१ सेकंदांचं, ज्यात गिलेस्पी नाहीच. त्याच्या जागी १९७२ च्या वॉटस्टॅक्स मैफलीतलं जेसी जॅक्सनचं भाषण आणि गॉस्पेल ढंगाचा कोरस.

बँड की डीजे असा दोन पैलवानांचा आखाडा मांडलात की जॉन्सनबाई कुठेच बसत नाहीत. तिच्या ट्रॅकमधून तिला काढा. वेदरॉलचे सिंथ आणि ड्रम मशीन उरतील, पण गाणं उरणार नाही. बँडला काढा, फारसा फरक पडणार नाही. यातून काय निष्कर्ष काढायचा तो काढा.

---

पुरवणी

सायकेडेलिक आणि डान्स म्हणाल तर आपल्या शेजारी गोव्यात जे झालं ते जास्त अस्सल नाही का? हणजुण्याच्या किनाऱ्यावर तेच वर्ष-दोन वर्षं पुढे-मागे गोवा ट्रान्स घडत होता. तिथे तर बँडचा प्रश्नच नाही, डीजेच राजा.

---

अर्धमात्रा

@पुरवणी, नात्याने जवळ, पण घर वेगळं. गोवा ट्रान्स १४० च्या आसपास धावतो, तालात सरळ चार ठोके, गिटार असली तर तोंडी लावण्यापुरती, आणि गाणं म्हणावं असं काही नाही. स्क्रीमाडेलिकात गाणी आहेत, निदान गाण्यांचे सांगाडे आहेत.

कामाची पद्धतही उलटी. किनाऱ्यावरच्या उन्हात आणि दमट हवेत व्हिनाइल वाकते, म्हणून तिथले डीजे डॅट (डिजिटल टेप) कॅसेटवर वाजवायचे. डॅट यंत्रांवर वेग कमी-जास्त करायची सोय सहसा नसायची. त्यामुळे दोन ट्रॅकची लय जुळवणं दुय्यम. ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांब भाग ठेवायचे आणि त्यावर एकातून दुसऱ्यात जायचं. वाजवायच्या यंत्राने रचनाच बदलून टाकली.

---

खर्जातला

@तबकडीप्रेमी, 'निवड बँडची' हा युक्तिवाद ऐकायला बरा, पण १९९४ ला लावून बघा. वेदरॉलशिवाय बँड मेम्फिसला गेला, टॉम डाउडसारखा दिग्गज प्रोड्यूसर, रॉजर हॉकिन्स आणि डेव्हिड हूड हे अलाबामातल्या मसल शोल्स स्टुडिओचे ताल-वादक. बाहेर काय आलं? 'गिव्ह आउट बट डोन्ट गिव्ह अप', स्टोन्सची बरी नक्कल. डान्स म्युझिकचा मागमूसही नाही म्हटलं तरी चालेल. बँडचा स्वभाव तोच होता, स्क्रीमाडेलिका हा अपवाद. अपवाद ज्याच्यामुळे घडला, कर्ता तो.

उलट वेदरॉलचं बघा. १९९३ मध्ये वन डव्ह या ग्लासगोच्या मंडळींबरोबर त्याने 'मॉर्निंग डव्ह व्हाइट' केला. तिथेही तीच डबची पोकळी, तोच लांबलचक उतार, वर हळुवार आवाज. गायिका वेगळी, बँड वेगळा, वातावरण ओळखीचं. हस्ताक्षर कुणाचं ते कळतं.

---

तबकडीप्रेमी

मेम्फिसचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिथल्या मूळ ध्वनिमुद्रणावर कंपनी खूश नव्हती, बरंचसं नव्याने करून मिक्स केलं गेलं आणि तेच १९९४ ला आलं. डाउडबरोबरची मूळ मिक्सेस २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती ऐका: सोल आणि कंट्री-सोल नीट मुरलेलं आहे, नक्कल म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही. बँड एक रस्ता संपवून दुसऱ्यावर गेला एवढंच.

आणि १९९४ वर थांबलात का? १९९७ चा 'व्हॅनिशिंग पॉइंट' घ्या, डबने भरलेला. त्याच वर्षी एड्रियन शेरवुडने त्याच गाण्यांचा डब अल्बम केला, 'एको डेक'. २००० च्या 'एक्सटर्मिनेटर'वर केव्हिन शील्ड्स आणि केमिकल ब्रदर्स. प्रत्येक वेळी डेस्कवर नवा माणूस, प्रत्येक वेळी गाणी मोडायला दिलेली. एकदा घडलं तर अपवाद, तीनदा घडलं तर ती बँडची कार्यपद्धती.

वन डव्ह मला आवडतो. पण त्यात 'मूव्हिन ऑन अप' नाही. अल्बमच्या दारातच अकूस्टिक गिटार, पियानो आणि गॉस्पेल कोरस घेऊन उभं राहणारं ते गाणं नसतं तर पुढचा तासभर नुसता धूर झाला असता.

---

रविवारची पेटी

वाद रंगलाय, पण कुणीतरी कामाचंही सांगा. पहिल्यांदा ऐकायचंय. व्हिनाइल घ्यावी, सीडी की स्ट्रीमिंग पुरे?

---

अर्धमात्रा

स्ट्रीमिंग पुरतं, पण आधी तीन गोष्टी करा.

क्रॉसफेड बंद. डब आवृत्तीच्या आणि 'इनर फ्लाइट'च्या शेवटी प्रतिध्वनी हळूहळू विरतो. क्रॉसफेड चालू असेल तर त्याच्यावर पुढचं गाणं चढतं आणि मांडणीचा सगळा डौल जातो.

फोनचा स्पीकर नको. 'हायर दॅन द सन'च्या डब आवृत्तीवर बेस वाजवलाय जा वॉबलने, पब्लिक इमेज लिमिटेडचा तो पहिला बेसवादक. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर बोलते. फोन दोनशेच्या खाली फारसं काही देत नाही. मग कानाला मेंदूने अंदाजाने भरलेला बेस ऐकू येतो आणि ट्रॅक रिकामा वाटतो. साधे पण बंद कपांचे हेडफोन चालतील. स्पीकर असतील तर कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका. बेस वाढतो खरा, पण एकाच सुरावर घुमतो आणि वॉबलच्या चालीतले सूर वेगळे कळत नाहीत.

इक्वलायझर सपाट ठेवा. 'रॉक' नावाची तयार सेटिंग मधला भाग खाली दाबते, आणि पियानो, ब्रास नेमके तिथेच आहेत.

२०११ मध्ये विसाव्या वर्षाच्या निमित्ताने केव्हिन शील्ड्सने केलेलं रीमास्टर आलं. जुनी सीडी मिळाली तर दोन्ही ताडून बघा, पण आवाजाची पातळी आधी कानाने सारखी करा. नाहीतर जे किंचित मोठं तेच चांगलं वाटतं.

---

तबकडीप्रेमी

व्हिनाइलबद्दल मी भर घालतो. ही दोन तबकड्यांची, चार बाजूंची. पहिली बाजू १५:५२, दुसरी १८:५७, तिसरी १८:३७, चौथी फक्त ११:२२. मिनिटं वाढली की खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी आणि बेस दोन्ही कमी करावे लागतात. दुसऱ्या बाजूला आणखी एक त्रास: 'कम टुगेदर' शेवटी आहे. सुई केंद्राकडे सरकते तसा तिच्याखालून एका सेकंदात जाणाऱ्या खाचेचा पल्ला कमी होतो आणि वरचे स्वर मळकट होतात. कोरसचे 'स' फाटू लागले तर दोष तबकडीचाच असेल असं नाही. आधी कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कोन आणि सुईचं वजन तपासा. वजन निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवा. वजन कमी ठेवलं की तबकडी वाचते ही समजूत उलटी आहे. सैल सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

चौथ्या बाजूला मात्र ऐसपैस जागा. वॉबलचा बेस तिथे आहे हे फार बरं झालं. त्याच्याच जुन्या बँडने १९७९ मध्ये 'मेटल बॉक्स' तीन बारा-इंची तबकड्यांवर, ४५ च्या वेगाने काढला होता, बेसला जागा मिळावी म्हणूनच.

---

रविवारची पेटी

आभार. वजनाचं माहीत नव्हतं.

---

तिसरी घंटा

हा वाद मराठी माणसाला नवा वाटू नये. संगीतकार चाल बांधतो, आणि ती वाद्यमेळात कशी उभी राहील ते संगीत संयोजक ठरवतो. सुरुवातीचा तुकडा, कडव्यांमधले भरणे, कुठे व्हायोलिन आणि कुठे नुसती बासरी. अरुण पौडवाल आणि अनिल मोहिले यांनी संयोजक म्हणून केलेलं काम ऐका. गाणं गुणगुणताना आपण चालीइतकेच मधले तुकडेही म्हणतो. तरी तबकडीवर ठळक नाव संगीतकाराचं. खर्जातला जे म्हणतायत ते संयोजकाच्या बाजूचं जुनंच गाऱ्हाणं आहे, आणि न्याय्य आहे.

---

तबकडीप्रेमी

संयोजक चाल फेकून देत नाही हो. वेदरॉलने फेकली. तुलना अर्ध्यावर येऊन थांबते.

---

खर्जातला

म्हणूनच डबची परंपरा घ्या, संयोजनाची नको. जमैकात गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची 'व्हर्शन' असायची. डेस्कवर बसलेला माणूस आवाज काढून टाकायचा, ड्रम-बेस उघडे पाडायचा, मधेच गिटारचा एक ठोका प्रतिध्वनीत सोडायचा. तिथल्या किंग टबी या ध्वनी-अभियंत्याचं कौशल्य काय, तर काय ठेवू नये ते ओळखणं. जेकब मिलरच्या गाण्यावरून झालेल्या डबवर आज आपण टबीचं नाव घेतो, मिलरचं नाही.

वेदरॉल याच शाळेचा. ऐकताना हे शोधा: 'हायर दॅन द सन'च्या डबमध्ये गिलेस्पीची ओळ अर्ध्यावर तुटते आणि तिचं शेपूट फिरत राहतं. शब्दांचा अर्थ पुरा व्हायच्या आत ते वाद्य होतात. प्रतिध्वनीची वेळ लयीशी जुळवायची तर साधा हिशेब आहे, ६०,००० ला ठोक्यांच्या संख्येने भागा म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. ९८ च्या लयीला ६१२, आणि पाऊण ठोका हवा तर ४५९. पण हिशेब कुणीही करेल. कुठल्या शब्दावर बटण दाबायचं, तिथे कर्ता दिसतो.

---

विंगेतून

टबीच्या उदाहरणात एक खोच आहे. तो डब ज्या अल्बमवर आहे त्याच्या कव्हरवर कलाकार म्हणून नाव ऑगस्टस पाब्लोचं आहे, टबी शीर्षकात. जमैकातही श्रेयाचा घोळ मिटला नव्हता.

---

ढोलताशा

एक शंका. इतके तुकडे उचलले, मग परवानगीचं काय?

---

अर्धमात्रा

आज एका तुकड्याला दोन परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि रचनेच्या हक्कदाराची. चित्रपटातला संवाद असेल तर चित्रपटाच्या हक्कदाराची. 'लोडेड'मध्ये संवाद, ड्रम, गायिकेचा आवाज आणि ब्लूजची ओळ असे चार वेगवेगळे स्रोत. आज पहिल्या दिवशीच वकील लागेल. त्यात ड्रमचा लूप चोरट्या मिक्सवरून, म्हणजे मूळ हक्क कुणाचा इथूनच सुरुवात. अमेरिकेत रॅपर बिझ मार्कीवर विनापरवाना तुकड्यावरून झालेल्या खटल्याचा निकाल १७ डिसेंबर १९९१ ला लागला, स्क्रीमाडेलिका येऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्यानंतर तिथल्या कंपन्या विनापरवाना तुकड्यांना हात लावायला कचरू लागल्या. 'लोडेड' १९९० चं, त्याला ही वेसण नव्हती.

---

तबकडीप्रेमी

@खर्जातला, एक कसोटी सुचवतो. या अल्बमवर 'हायर दॅन द सन' दोनदा आहे. चौथ्या क्रमांकावर ऑर्बचं, ३ मिनिटं ३६ सेकंदांचं. दहाव्यावर वेदरॉल-निकोल्सनचं, ७ मिनिटं ३७ सेकंदांचं. प्रोड्यूसर वेगळे, बेस वेगळा, लांबी दुप्पट. लागोपाठ ऐका आणि दोन्हींत समान काय उरतं ते लिहून काढा. गिलेस्पीची चाल उरते, तो पातळ, अर्धवट झोपेतला आवाज उरतो आणि गाण्याचा मूळ भाव उरतो. दोन निरनिराळ्या डेस्कांवरून जाऊनही जे हललं नाही ते बँडचं. तेवढं गाळून 'कच्चा माल' म्हणता येत नाही.

---

खर्जातला

कसोटी मान्य. 'हायर दॅन द सन' बँडचं, लिहून देतो. आता तीच 'लोडेड'ला लावा. १९८९ चं गाणं आणि १९९० चं 'लोडेड' लागोपाठ ऐका आणि समान काय ते लिहा. ब्रास, पियानो, गिटारचे तुकडे. चाल नाही, शब्द नाहीत, भाव तर पार उलटा: तिथे हरल्याचं दुःख, इथे जत्रा. 'कम टुगेदर'ची दोन मिक्सेसही अशीच ताडून बघा, फार्लीचं आणि वेदरॉलचं.

---

विंगेतून

'कम टुगेदर' ताडून पाहिलं. दोन्हींत कोरसची ओळ तीच आणि तिची चालही तीच. ती ओळ बँडची. 'हायर दॅन द सन'चं डब तुम्हीच सोडलंत, म्हणजे तुमचे सात आता पाच झाले. 'डोन्ट फाइट इट' मी आधीच जॉन्सनबाईंच्या नावावर लावलंय, म्हणजे चार.

---

खर्जातला

चारांतही 'लोडेड' माझ्याकडेच आहे. बाकीचे वाटून घ्या.